न वसलेलं गाव

दसरा उलटला की पालघरहून बोईसरला जाताना मी एसटीत खिडकीजवळची जागा धरते. उमरोळी सोडली की रस्त्याच्या दोन्ही अंगांना भात कापून आडवं टाकलेलं दिसतं. ऑक्टोबरचं ऊन त्यावर पडून एक वास उठतो, गोडसर आणि थोडासा धुळकट. तो आत आला की मला एक गाव आठवतं.

त्या गावात मी कधी राहिले नाही. कुणीच राहिलं नाही, कारण ते गाव वसलंच नाही. तरी त्यात आमचं घर कुठे होतं, समोर कुणाचं दार होतं, विहिरीवर जाताना कुठे वळायचं, हे मला आजही विचारलंत तर सांगता येईल. राहिलेली घरं माणूस विसरतो. न राहिलेलं घर विसरायचं कसं, ते मला अजून जमलेलं नाही.

नव्वदच्या दशकाचा मधला काळ होता. मी पालघरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. आमची केवडवाडी तारापूरच्या खालच्या बाजूला, समुद्राला चिकटून होती. एकच गल्ली, दुतर्फा कौलारू घरं, घरांमागे चिकूच्या आणि नारळाच्या वाड्या, आणि गल्ली संपली की खाजण, भरतीचं पाणी शिरणारी दलदलीची जमीन. माझा मोठा भाऊ मोहन, म्हणजे आमचा दादा, बोईसरच्या एका कारखान्यात नकाशे काढायच्या कामाला होता. त्या वर्षी गणपतीच्या आगेमागे बेटेगावच्या वळणावर त्याची स्कूटर घसरली आणि पाय मोडला. मांडीपर्यंत प्लास्टर घालून तो घरी येऊन पडला. दिवसभर हिंडणारा माणूस, त्याला घर खायला उठायचं.

कारखान्याच्या कॉलनीत त्याचा एक मित्र होता, सुधाकर. तो ट्रेनिंगसाठी बाहेरगावी निघाला होता. बंद घरात राहून बुरशी धरेल, त्यापेक्षा मोहनची करमणूक होईल, असं म्हणत त्यानं आपला कॉम्प्युटर रिक्षातून आमच्याकडे आणून ठेवला. पडवीत, भाताच्या कणगीशेजारी, टेबलावर त्याची स्थापना झाली. अख्खी गल्ली येऊन बघून गेली. बाबा समोर उभे राहिले, वाकून मागे काय आहे ते पाहिलं आणि म्हणाले, "टीवीच हाय. पन बातम्या नाय लागत."

त्यात एक खेळ होता. सुरुवातीला सगळा पडदा काळा असायचा. मध्यभागी तेवढा एक तुकडा उजळलेला, आणि त्यावर बैलगाडी घेऊन निघालेल्या कुटुंबांचं चिमुकलं चित्र. त्यांना चालवत न्यायचं. ती जातील तसा काळोख मागे सरायचा आणि खालून जमीन निघायची: गवत, नदी, डोंगर, किनारा. मनासारखा चौकोन सापडला की तिथे गाव वसवायचं. पुढे त्या खेळात राजे होते, लढाया होत्या, बोटी होत्या. दादाला त्यात फारसा रस नव्हता. त्याचा जीव गुंतला तो एकाच गोष्टीत. गाव कुठे वसवायचं?

"इथेच टाक ना रे," मी म्हणायची. "नदी आहे, झालं की."

"थांब गं नले. नदी आहे, पण तिच्या पलीकडे काय आहे ते दिसलंय का तुला? उद्या पलीकडे नुसती दलदल निघाली तर गाव खाईल काय?"

मला समुद्रालगतच गाव हवं असे. त्याला समुद्र हवा असे, पण पाठीशी डोंगर आणि मध्ये शेती. दोन गावं फार जवळ आली की एकमेकांची शेतं खातात, फार लांब गेली की मधली जमीन दुसरा कुणी बळकावतो, हे त्यानं मला समजावून सांगितलं होतं. आणि एकदा वसवलेलं गाव उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही, हे तर पुन्हा पुन्हा. म्हणून तो बैलगाडी चालवत राहायचा. कधी कधी इतका वेळ, की तिकडे दुसऱ्या राजांची शहरं उभी राहायची आणि आमची माणसं अजून जागाच शोधत असायची.

गावांना आम्ही आपलीच नावं दिली. सालवड, चिंचणी, वाणगाव. केवडवाडी हे नाव मात्र तो राखून ठेवायचा. अगदी मनासारखी जागा मिळाली की द्यायचं, म्हणे.

काळोख सरता सरता मध्येच एखादी झोपडी दिसायची. तिच्यावर आपली माणसं नेली की झोपडी नाहीशी व्हायची आणि त्या बदल्यात आपल्याला काहीतरी मिळायचं, कधी सोनं, कधी घोडेस्वार. झोपडी दिसली की दादा हात चोळायचा. मी टाळी वाजवायची.

बाबाही हळूहळू स्टूल ओढून बसू लागले. वाडीला पाणी दाखवून झालं की यायचे आणि खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसत पडद्याकडे बघत राहायचे. एकदा त्यांनी विचारलं, "तुज्या खेलात विहीर कुटं खनतेत?"

"विहीर नाही बाबा. नदी असते."

"नदी गावाची नसते रे. विहीर गावाची." आणि मग थोड्या वेळानं, पडद्यावर बोट ठेवून, "हितं वसव. उताराच्या खाली. पानी लागंल."

त्याच दिवसांत आमच्या गल्लीत मोजणीदार येऊ लागले. किनाऱ्यालगत कसलं तरी मोठं काम येणार होतं. कुणी म्हणे बंदर, कुणी म्हणे आणखी काही. काय येणार ते कुणालाच नीट माहीत नव्हतं, आम्हाला जावं लागणार एवढंच सगळ्यांना कळलं होतं. मोजणीदारांनी सांगितलं, बेटेगावच्या पुढे टेकडीच्या पायथ्याशी एक मोकळा माळ आहे. सगळ्या वाडीनं एकमतानं तो पसंत केला तर सगळे एकत्र राहाल. नाहीतर ज्याला जिथे मिळेल तिथे.

हे ऐकल्यावर गल्लीत जे झालं ते मला अजून आठवतं. रडारड झाली नाही. भांडणंही नाहीत. एक विचित्र शांतता आली. दिवाळी तोंडावर असून कुणी भिंती सारवायला घेतल्या नाहीत. कौलं बदलायची होती ती तशीच राहिली. समोरच्या हरीकाकांनी चिकूची कलमं आणून ठेवली होती, ती पिशवीतच वाळली. माणसं अंगणात उभी राहून आपल्याच घराकडे बघायची, पाहुण्याच्या घराकडे बघावं तशी.

एका रविवारी सगळी वाडी टेम्पोतून माळ बघायला गेली. दादाला उचलून पुढच्या सीटवर बसवलं. माळ खरोखर छान होता. उंच गवत, मागे टेकडी, लांबवर समुद्राची एक पांढुरकी रेघ. मोजणीदारांनी चुना फासलेले दगड रांगेनं मांडून ठेवले होते. दगडांच्या आत उभं राहून बायका बोलू लागल्या, माझी चूल इथे, तुझं न्हाणीघर तिथे. हरीकाकांचं दार आमच्या दारासमोरच हवं असं बाबांनी ठरवलं, जसं होतं तसंच. मी आमच्या दगडांमध्ये उभी राहून खिडकी कुठे येईल ते बघितलं. त्या खिडकीतून टेकडी दिसणार होती. बाबा उताराच्या खाली जाऊन बसले. मूठभर माती उचलून नाकाशी नेली आणि तिथूनच ओरडले, "मोहन, हितं लागंल रे पानी!"

पहिल्यांदाच त्या दिवशी कुणीतरी हसलं.

दादानं नवीन वाडीचा नकाशा काढायला घेतला. गल्ली थोडी वळवायची, म्हणजे वारा सरळ घुसणार नाही. देऊळ उंचवट्यावर. म्हातारी माणसं राहतात ती घरं विहिरीजवळ. प्लास्टरचा पाय खुर्चीवर ठेवून तो दिवसभर काढायचा, खोडायचा. कंटाळा आला की खेळ लावायचा आणि तिथेही तेच, गाव कुठे, शेत कुठे. घरात एक उजेड आल्यासारखं झालं होतं. जाणं आता ठरलेलंच होतं, तर निदान नीट जाऊ, असं बाबांना वाटू लागलं होतं.

माळाचा उतार नीट बघायला हवा म्हणून दादा मला घेऊन रिक्षानं पुन्हा तिकडे गेला. कुबड्या आल्या होत्या. दगडांच्या रांगेपर्यंत आम्ही गेलो, आणि तो म्हणाला, "अजून थोडं पुढे बघू." पुढे करवंदीची जाळी होती. तिला वळसा घातला आणि मला तो वास आला.

जाळीमागे उतारावर भाताच्या लहान लहान पट्ट्या होत्या. अर्धं कापलेलं, अर्धं उभं. कुडाच्या काही झोपड्या, एक उंबर, आणि एक बाई विळा घेऊन वाकलेली. माझ्याच वयाची असेल. पोर पाठीला बांधलेलं. आम्हाला बघून ती उभी राहिली.

"मोजनीवाले का?"

"नाही बाई. आम्ही केवडवाडीचे," दादा म्हणाला. "इथे आमचं गाव येणार आहे."

"कुटं?"

दादानं कुबडी उचलून दाखवलं. दगडांपासून सुरुवात केली आणि कुबडी गोल फिरवत नेली. ती जाळीवरून गेली, भातावरून गेली, उंबरावरून, झोपड्यांवरून. अर्ध्यातच त्याचा हात थांबला. पण बाईची नजर कुबडी जिथे जाणार होती तिथपर्यंत पुढे गेली आणि मग परत आमच्याकडे आली.

"आनि आमी?" तिनं विचारलं.

रागानं नाही. खरंच माहीत नसल्यासारखं.

तिचं नाव लखमी. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. "कोन सांगल? आमी भात पिकवताव. दिवाली झाली का वीटभट्टीवर जाताव. पावसाच्या तोंडाला मागारी येताव, ते हितंच येताव." ती दादाच्या पायाकडे बघत होती. "लय दुकतो?" तिनं विचारलं. मग आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि काकडीसारखं एक वाळूक मोडून आम्हा दोघांना दिलं. आम्ही तिच्या शेताच्या बांधावर बसून ते खाल्लं. ते इतकं गोड होतं की मला मान वर करवेना.

घरी आल्यावर दादानं नेहमीसारखा खेळ लावला. बैलगाडी निघाली, काळोख सरला, एक झोपडी दिसली. त्यानं गाडी थांबवली आणि वळवून लांबून नेली.

"अरे, सोनं मिळालं असतं," मी म्हटलं.

"मिळू दे कुणाला तरी," तो म्हणाला.

त्यानंतर तो प्रत्येक झोपडीला वळसा घालायचा. तसंच करत राहिला आणि प्रत्येक डाव हरत राहिला.

एकमताचा कागद द्यायच्या आधी देवळाच्या अंगणात सगळी वाडी जमली. दादा कुबड्यांवर उभा राहिला. "माळ मोकळा नाही," तो म्हणाला. "जाळीमागे पाडा आहे. माणसं शेती करतात."

हरीकाका म्हणाले, "ती कागदावर नायत. मोजनीदारांनी सांगितला, माळ सरकारी हाय."

"कागदावर नसतील काका. भात उभं आहे ना तिथे? मी बघून आलोय."

"मग आमी कुटं जावं? तू सांग. तू हुशार."

दादाकडे उत्तर होतं. खाजणाच्या वरच्या अंगाला दुसरी एक जागा त्यानं शोधून ठेवली होती. सखल, पावसात पाणी साचणारी, पण कुणाची नसलेली. ती त्यानं सांगितली आणि अंगणात गलका झाला. कुणी म्हणालं, भाऊ, तुझा पाय बरा झाला की तू जा तिथे चिखलात. कुणी म्हणालं, आपलं घर जातंय आणि याला परक्याची झोपडी पडलीय. तेही खोटं नव्हतं. ओरडणारी माणसं वाईट नव्हती. त्यांनी दादाला अंगाखांद्यावर खेळवलं होतं. ती फक्त घाबरलेली होती, आणि त्यांना एकत्र राहायचं होतं.

सगळे बाबांकडे बघू लागले. माळावर कुठे पाणी लागेल ते बाबांनीच हेरलं होतं. बाबांनी पंचा खांद्यावर टाकला. मग उठले.

"माजा नाव काडा त्यातून," ते म्हणाले आणि चपला घालून घरी निघून आले.

एकमत झालं नाही. कागद गेला नाही. मोजणीदार पुन्हा आले नाहीत. पुढच्या वर्षी कळलं की किनाऱ्यालगतचं ते काम येतच नाही. आधी घालायला घेतलेलं कुंपणही आमच्या वाडीच्या खूप अलीकडे थांबलं. आमची घरं वाचली.

पण तोपर्यंत वाडी मनानं उठली होती. एकदा घराकडे पाहुण्यासारखं बघितलं की परत त्यात घरच्यासारखं राहता येत नाही की काय, कोण जाणे. कुणी सालवडला चाळीत खोली घेतली, कुणी बोईसरला फ्लॅट, कुणी पोरांच्या मागे वापीला गेलं. हरीकाका गेले ते आम्हाला न सांगता. जाताना कुणीही म्हणायचं, मोहननं मोडता घातला म्हणून, नाहीतर सगळे एकत्र राहिलो असतो. दादा ऐकून घ्यायचा. हे खरं आहे की नाही, यावर मी आयुष्यभर विचार केला. माळावर गेलो असतो तर एकत्र राहिलो असतो. हो, राहिलोही असतो. त्या घरातल्या खिडकीतून टेकडी दिसली असती आणि समोर हरीकाकांचं दार असतं. आणि त्या खिडकीतून लखमी दिसली नसती.

सुधाकर कॉम्प्युटर घेऊन गेला. बाबा गेले. मी लग्न होऊन पालघरला आले, शाळेत शिकवू लागले. दादानं लग्न केलं नाही. तो लंगडत, स्कूटरवरून बोईसरला कामाला जात राहिला आणि संध्याकाळी त्या रिकाम्या गल्लीत परत येत राहिला. मी सुट्टीत जायची तेव्हा गल्लीतून चालताना आम्ही दोघंही नकळत हळू बोलायचो. बंद दारांमागे कुणी झोपलेलं असावं तसं. एकदा मी त्याला म्हटलं, चल माझ्याकडे पालघरला. तो म्हणाला, "एवढं शोधून शेवटी कळलं गं, माझी जागा हीच. आता कुठे गाडी हाकू?"

कधीतरी तो माळावर जायचा. वाळूक घेऊन यायचा. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

काही वर्षांपूर्वी, अशाच कापणीच्या दिवसांत, दादा अंगणात बसल्या बसल्या गेला. चिकू उतरवायला आलेल्या माणसानं मला फोन केला. मी पोहोचले तेव्हा दुपार कलली होती. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मी वापीला फोन केले, बोईसरला केले. लोक हळहळले. येतो म्हणाले, पण वेळ लागेल म्हणाले. मी दादाशेजारी बसून राहिले. त्याला उचलायला माणसं कुठून आणायची हे मला कळत नव्हतं, आणि अशा वेळी आपल्याला हेच सुचावं याची लाज वाटत होती.

मग गल्लीच्या तोंडाशी पावलं वाजली. माळामागच्या पाड्यावरची माणसं होती. चिकूवाल्याकडून बातमी कशी कशी तिथपर्यंत गेली होती आणि ती कापणी टाकून आली होती. अंगाला भाताची कुसं चिकटलेली, काहींच्या कमरेला विळे तसेच. त्यांनी मला काही विचारलं नाही. बांबू तोडले, दादाला बांधलं, उचललं आणि आमच्या गल्लीतून समुद्राकडे घेऊन गेले. मीही गेले. अग्नी मीच दिला.

परतले तेव्हा दिवस मावळायला आला होता. अंगणात लखमी होती. केस पिकलेले, पण मी लगेच ओळखलं. तिनं मला पाणी दिलं. मग ती उठून गल्लीत गेली. मला वाटलं निघाली. बघते तर ती शेजारच्या घरासमोर उभी राहिली, कुलूप लावलेल्या दारावर हात आपटला आणि मोठ्यानं म्हणाली, "मोहनभाऊ गेला!" मग पुढच्या दाराशी. पुन्हा तेच.

मी धावत गेले. "लखमी, अगं कुणी नाही तिथे. सगळे कधीचे गेले. रिकामी घरं आहेत."

तिनं माझ्याकडे बघितलं. फार वर्षांपूर्वी बांधावर बघितलं होतं, तसंच.

"मानसां नाय, ते मलापन दिसता," ती म्हणाली. "पन घरां हायेत ना? त्यांना नको सांगाया?"

मी तिच्याबरोबर चालू लागले. ती दारावर हात आपटायची, मी त्या घरातल्या माणसांची नावं घ्यायची. मोठ्यानं, आत ऐकू जावं म्हणून. हरीकाकांच्या दाराशी आलो तेव्हा अंधारून आलं होतं. माझ्या तोंडून नाव फुटेना. लखमी दारावर हात ठेवून थांबून राहिली, मला जमेपर्यंत.